वावर विकून बाबांची नजर परत येईल का?

वाचकाचा प्रश्न

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका ताईंचं पत्र आहे. त्या तालुक्याच्या गावी सासरी राहतात, माहेर तासाभराच्या अंतरावर. वडील अठ्ठावन्न वर्षांचे, कास्तकार, बऱ्याच वर्षांची शुगर. उजव्या डोळ्याने अंधुक दिसायला लागलं, दाराची चौकट वाकडी दिसायला लागली, म्हणून दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, डोळ्याच्या मागच्या पडद्याला सूज आहे, काही महिने डोळ्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील. दोन घेतली. मग कापूस वेचणी आली, मजूर मिळेनात, आणि "काही फरक तर पडून नाही राहिला" म्हणत बाबांनी जाणं बंद केलं.

मधल्या काळात धाकट्या भावाने मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. नॅनो कणांमधून औषध डोळ्यात जातं, बिघाड करणारा जीनच बंद करतं, शुगरने गेलेली दृष्टी परत येते, असं त्यात होतं. खाली नंबर होता. फोन केल्यावर एका केंद्राच्या माणसाने सांगितलं की औषध परदेशी आहे, सुई नाही, नुसते थेंब, तीन महिन्यांचा कोर्स, साडेतीन लाख रुपये, अर्धे आधी. भावाने एक एकर वावर विकायचं ठरवलं. गिऱ्हाईकही तयार आहे. वावर वडिलोपार्जित, म्हणून ताईंची सही हवी. "जरा थांबू" म्हटलं तर भावाकडून ऐकावं लागलं, "तुला बाप नको, वावर पाहिजे." त्या विचारतात: हे औषध खरं आहे का? आज नसेल तर ते येईपर्यंत थांबावं का? आणि सही करावी का?

उत्तर

ताई, सही करू नका. आणि बाबांना याच आठवड्यात पडद्याच्या डॉक्टरांकडे घेऊन जा. या दोन्ही गोष्टी सोबतच करा. नुसती सही अडवली आणि बाबा घरीच बसले, तर भावाचं बोलणं खरं ठरेल आणि उजवा डोळाही जाईल.

आता भावाबद्दल. तो वेडा नाही, आणि व्हिडिओतली मूळ कल्पना खोटी नाही. हे त्याला आधी सांगा, नाहीतर पुढचं तो ऐकणार नाही.

जीन बंद करणं म्हणजे काय, ते आधी पाहू. प्रत्येक पेशीत जीनची, म्हणजे जनुकांची, मूळ नोंद असते, तलाठ्याच्या दप्तरात असते तशी. पीककर्जाला जाताना आपण दप्तर उचलून नेत नाही, सातबाऱ्याची नक्कल नेतो. पेशीही जनुकाची नक्कल काढते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनवते. या नकलेला आरएनए म्हणतात. जीन सायलेन्सिंगमध्ये, म्हणजे जीन बंद करण्याच्या पद्धतीत, साधारण २१ अक्षरांचा एक छोटा दुहेरी तुकडा पेशीत सोडतात. तो नेमकी हवी ती नक्कल हुडकून पेशीकडूनच ती फाडून घेतो. नक्कल नाही तर प्रथिन नाही. अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी १९९८ मध्ये एका सूक्ष्म कृमीत ही यंत्रणा दाखवली आणि २००६ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. शास्त्र पक्कं आहे.

बाबांच्या डोळ्यात काय चाललंय? शुगरने पडद्याच्या केसासारख्या रक्तवाहिन्या खराब होतात. पडद्याला ऑक्सिजन कमी पडतो, म्हणून तो व्हीईजीएफ नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतो. त्या प्रथिनाने वाहिन्या पाझरतात आणि पडद्याच्या मध्यभागी, जिथून आपण वाचतो आणि माणसाचा चेहरा ओळखतो, तिथे पाणी साचतं. चौकट वाकडी दिसते ती यामुळे. या प्रथिनाची नक्कलच फाडायची, असा विचार शास्त्रज्ञांनी केला. पण ताई, बाबांनी दोन घेऊन सोडून दिलेलं इंजेक्शनही याच व्हीईजीएफला धरतं. ते नक्कल फाडत नाही, तयार झालेलं प्रथिन पकडतं, एवढाच फरक. ज्या शत्रूला मारायला भाऊ वावर विकायला निघालाय, त्याच शत्रूवरचं औषध बाबांना मिळत होतं.

डोळ्यासाठी सायलेन्सिंगचा प्रयोग माणसांवर झालेलाही आहे. बेव्हासिरानिब नावाचं औषध, उतारवयात पडद्याखाली नाजूक वाहिन्या उगवतात त्या आजारासाठी, थेट डोळ्यात टोचून दिलं गेलं. ते चाचणीच्या तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलं आणि २००९ मध्ये ती चाचणी थांबवली गेली. त्याच्या आदल्याच वर्षी भारतीय वंशाचे नेत्रतज्ज्ञ जयकृष्ण अंबाटी आणि सहकाऱ्यांनी उंदरांवरच्या कामातून एक धक्कादायक गोष्ट मांडली होती. असे उघडे तुकडे पेशीच्या आत शिरतच नव्हते. बाहेरच, पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका संरक्षक रेणूला चिकटून ते वाहिन्यांची वाढ रोखत होते, आणि तुकड्यावर अक्षरं कुठलीही लिहिली तरी परिणाम तोच. म्हणजे नेमकी नक्कल फाडण्याचं काम होतच नव्हतं.

नॅनो कणांची गरज पडते ती इथे. आपला केस साधारण ऐंशी हजार ते एक लाख नॅनोमीटर जाड असतो आणि हे कण शंभरेक नॅनोमीटरचे. बहुधा चरबीसारख्या पदार्थाचं वेष्टन, आत तो नाजूक तुकडा. वेष्टनामुळे तो वाटेत तुटत नाही आणि पेशी त्याला आत घेते. २०१८ मध्ये पॅटिसिरान नावाच्या औषधाला अमेरिकेत मान्यता मिळाली ती अशाच कणांमुळे. पण ते औषध यकृतावर काम करतं. रक्तातले चरबीचे कण यकृत आपणहून ओढून घेतं, म्हणून तिथे वाट सोपी होती.

डोळ्याची वाट तशी नाही. वर टाकलेला थेंब अश्रूंसोबत वाहून जातो, बुबुळावरचं पारदर्शक आवरण उरलेल्याला अडवतं, आणि साध्या थेंबातल्या औषधाचाही वीसातला एक भागसुद्धा डोळ्याच्या पुढच्या कप्प्यात शिरत नाही. पडदा तर अगदी मागच्या भिंतीला. सुईने आत सोडलं तरी मध्ये जेलीसारखा द्रव असतो. धन विद्युतभार असलेले कण त्याच्या जाळ्यात चिकटून बसतात, म्हणून त्यांच्यावर वेगळे लेप देऊन पाहतात. त्यातून पेशीपर्यंत पोचलेल्या कणाला पेशी एका पिशवीत बंद करते. यकृताच्या पेशींवर मोजलं तेव्हा त्या पिशवीतून शंभरातले एक-दोन तुकडेच बाहेर निसटले. या एकेका अडथळ्यावर प्रयोगशाळांत मन लावून काम चालू आहे आणि मला त्या कामाबद्दल फार आशा आहे. पण आज जगात कुठेही डोळ्याच्या आजारासाठी असं नॅनो कणातलं जीन बंद करणारं औषध मान्यता मिळून विक्रीला आलेलं नाही. थेंबांच्या रूपात नाही आणि सुईच्याही नाही.

म्हणून साडेतीन लाखांत ते तुम्हाला जो देऊ करतोय, त्याच्या बाटलीत दुसरंच काहीतरी आहे.

आता तुमच्या पत्रात न लिहिलेली, पण प्रत्येक ओळीमागे असलेली एक समजूत. इंजेक्शन म्हणजे तात्पुरतं, आणि जीनवरचं औषध म्हणजे कायमचं, असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलंय. तुम्हीही. नकला फाडल्या तरी दप्तर जागेवर असतं, ताई. पेशी नव्या नकला काढतेच, आणि शुगर चढलेली असेल तर जोरात काढते. अशा औषधाचा परिणाम काही आठवडे किंवा काही महिने टिकतो, मग पुन्हा द्यावं लागतं. पडद्यासाठी हे औषध उद्या आलंच, तर आजच्या अंदाजाने तेही बहुधा सुईनेच द्यावं लागेल. फायदा झालाच तर दोन सुयांमधलं अंतर वाढण्याचा होईल. तो मोठा फायदा आहे, विशेषतः दवाखान्यापासून लांब राहणाऱ्यांना. पण त्यासाठी आज डोळा सुजलेला ठेवून थांबायचं नाही. पाणी महिनोन् महिने साचून राहिलं की पडद्याच्या पेशी मरतात, आणि मेलेल्या पेशी नवं औषधही जिवंत करू शकणार नाही.

बाबांनी इंजेक्शन सोडलं त्याची कारणं तुम्ही वेचणी आणि मजूर अशी लिहिली आहेत. ती खरीच असतील. पण माझ्याकडे येणारी बरीच वयस्क माणसं सुईची भीती बोलून दाखवत नाहीत, कामाचं निमित्त सांगतात. तुम्ही बाबांना एकटं असताना विचारा. आणि काय होतं ते पुन्हा नीट सांगा: आधी बधिर करायचे थेंब, मग आयोडीनच्या औषधाने डोळा धुणं, त्याची थोडी आग होते. पापणी मिटू नये म्हणून छोटी चाप लावतात. बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागातून, केसासारख्या बारीक सुईने ०.०५ मिलिलिटर औषध जातं. एका थेंबाएवढं. काही सेकंदांत सुई बाहेर. बाबांना समोरून सुई येताना दिसत नाही, दुसरीकडे बघायला सांगतात. त्या दिवशी डोळ्यात काळे ठिपके तरंगले तर घाबरायचं नाही. पण पुढच्या आठवड्यात दुखणं वाढलं, डोळा लालभडक झाला, नजर एकदम कमी झाली, तर रात्र असो की बाजाराचा दिवस, त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हा जंतुसंसर्ग असू शकतो. क्वचित होतो, पण तुम्ही थांबलात तर डोळा घेतो.

"फरक पडला नाही" याचं मोजमाप बाबांच्या नजरेवर सोडू नका. दोन इंजेक्शनांत फरक न कळणं नेहमीचं आहे. सुरुवातीला महिन्याला एक, अशी तीन ते सहा द्यावी लागतात. ओसीटी नावाचा स्कॅन करतात, त्यात पडद्याची जाडी मायक्रॉनमध्ये लिहून येते. पहिल्या इंजेक्शनाआधीचा आणि आताचा, दोन्ही कागद शेजारी ठेवून डॉक्टरांना विचारा, पाणी किती उतरलं? आकडा कमी होत असेल तर औषध लागू पडतंय. नसेल तर औषध बदलता येतं, काहींना स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, काहींना लेझर. आणि हे आयुष्यभर दर महिन्याला नसतं. अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासात पहिल्या वर्षी साधारण आठ-नऊ इंजेक्शनं लागली, दुसऱ्या वर्षी दोन-तीन, पुढे आणखी कमी. डॉक्टरांनी कदाचित हे सांगितलं असेल, पण गर्दीच्या ओपीडीत ते बाबांच्या कानावरून गेलं असेल.

पैशाचंही बोलू. डोळ्यात टोचायची तीन औषधं आहेत, आणि त्यांच्या किमतीत फार फरक आहे. बेव्हॅसिझुमॅब हे मूळचं आतड्याच्या कॅन्सरचं औषध. त्याच्या एका बाटलीतून डोळ्यासाठी लहान डोस भरतात, म्हणून ते बरंच स्वस्त पडतं. ते डोळ्यात जगभर वापरलं जातं, कॅन्सरचं म्हणून दचकू नका. फक्त डोस स्वच्छ ठिकाणी भरलेला हवा, तेव्हा फार स्वस्ताच्या मागे अनोळखी जागी जाऊ नका. दुसरं रॅनिबिझुमॅब, त्याची भारतात बनलेली आवृत्ती २०१५ पासून मिळते. नजर बरीच खाली गेली असेल तर तिसरं, अफ्लिबरसेप्ट, पहिल्या वर्षात जास्त उपयोगी ठरल्याचं दिसलंय. नजर बऱ्यापैकी असेल तर तिन्ही जवळपास सारखीच. डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा, "आमची ऐपत एवढी आहे, यात कोणतं बसेल?" हा प्रश्न विचारायची लाज वाटू देऊ नका. सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, यवतमाळ आणि नागपूरची शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं इथे नेत्रविभाग आहेत. जाण्याआधी फोन करून पडद्याची तपासणी कोणत्या दिवशी असते ते विचारून घ्या, फेरी वाया जाऊ नये. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतल्या दवाखान्यात आरोग्यमित्र बसतो. योजनेत बाबांचा कोणता उपचार बसतो, ते त्याच्याकडूनच कळेल. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

त्या केंद्राच्या माणसाला भावाकडूनच फोन करवा. तुम्ही केला तर भांडण होईल. त्याने चार गोष्टी कागदावर मागायच्या: औषधाचं नाव, बनवणाऱ्या कंपनीचं नाव, केंद्रीय औषध नियंत्रकांच्या मान्यतेचा पुरावा, आणि पक्कं बिल. तो म्हणेल की औषध अजून प्रयोगात आहे. मग चाचणीचा नोंदणी क्रमांक मागायचा. भारतात होणाऱ्या औषध चाचण्यांची आधी नोंद व्हावी लागते, तो क्रमांक सीटीआरआय (भारतातल्या चाचण्यांची नोंदवही) या अक्षरांनी सुरू होतो आणि त्या नोंदवहीच्या संकेतस्थळावर कोणालाही तपासता येतो. खऱ्या चाचणीत तुम्हाला समजेल त्या भाषेत संमतीपत्र देतात, नीतिसमितीचं नाव त्यावर असतं, इजा झाली तर उपचार आणि भरपाई त्यांच्यावर असते, आणि प्रयोगातल्या औषधासाठी रुग्णाकडून लाखो रुपये घेत नाहीत. प्रयोगाच्या औषधाचे अर्धे पैसे आधी मागणारा माणूस तुम्हाला फसवतोय, याबद्दल मला तिळमात्र शंका नाही.

शिवाय १९५४ चा एक कायदा आहे, औषधं आणि जादुई उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींचा. ज्या आजारांवर इलाजाची जाहिरात करायला त्यात बंदी आहे, त्या यादीत मधुमेह आहे आणि अंधत्वही आहे. व्हिडिओ, नंबर, फोनवरचं बोलणं जपून ठेवा आणि अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात तक्रार द्या. तुमचं वावर वाचलं तरी तो पुढच्या गावात दुसऱ्याचं विकायला लावेल.

आता ते बोलणं, जे तुम्हाला सगळ्यात जास्त लागलंय. "तुला बाप नको, वावर पाहिजे." २००५ पासून वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचाही जन्मापासून हक्क आहे, तेव्हा तुमची सही म्हणजे अडवणूक नाही, ती तुमची जबाबदारी आहे. पण हा कायदा जेवणाच्या वेळी काढू नका. भाऊ वाईट नाही, तो घाबरलाय. बापासाठी काहीतरी मोठं करून दाखवावं, असं त्याला वाटतंय, आणि आपल्याकडे मोठं म्हणजे वावर विकणं. दर महिन्याला बापाला बसमध्ये बसवून नेणं, ओपीडीत दिवसभर थांबणं, याला कोणी मोठं म्हणत नाही. तुम्ही त्याला म्हणा, "पुढची चार इंजेक्शनं होऊ दे, दोन फेऱ्या तुझ्या, दोन माझ्या. चौथ्यानंतर आपण दोघं मिळून स्कॅन पाहू आणि मग काय विकायचं ते बोलू." पेरणी आणि वेचणीच्या दिवसांत मजूर मिळत नाहीत हे आधीच माहीत आहे, तेव्हा त्या महिन्यांच्या तारखा आत्ताच डॉक्टरांकडून लिहून घ्या. त्या दिवशी वावरात कोण राहील हेही ठरवा. जावईबापूंनी एक फेरी उचलली तर घरातलं वातावरण बरंच निवळेल.

एक गोष्ट मला कडू लागते तरी लिहितो. उजव्या डोळ्याची नजर पूर्वीसारखी होईलच, असं मी सांगू शकत नाही. किती दिवस पाणी साचलेलं होतं, मधल्या वाहिन्या किती बंद पडल्या, यावर ते आहे. काहींना तपासणीच्या तक्त्यावरच्या दोन-तीन ओळी जास्त वाचता येतात, काहींचं आहे तेवढंच टिकतं.

पण तुमच्या अख्ख्या पत्रात डाव्या डोळ्याबद्दल एकही शब्द नाही. शुगर दोन्ही डोळ्यांना सारखीच पोचते. पुढच्या फेरीत बाहुली मोठी करायचे थेंब टाकून डाव्या डोळ्याचाही पडदा बघायला सांगा, लेझरची गरज आहे का विचारा. घरी रोज सकाळी बाबांनी उजवा डोळा झाकून भिंतीवरच्या कॅलेंडरच्या चौकटी बघाव्यात. रेघ वाकडी दिसली की तारखेची वाट बघायची नाही. शुगरची तीन महिन्यांची सरासरी, रक्तदाब, मूत्रपिंडाची तपासणी आणि हिमोग्लोबिन हे चार कागदही त्याच पिशवीत ठेवा. बाबांना कधी लकवा किंवा हृदयाचा झटका आलेला असेल तर इंजेक्शनाआधी आठवणीने सांगा.

हे वाचणाऱ्या आणखी काही घरांसाठी दोन ओळी. लहानपणापासून रातांधळेपणा आणि हळूहळू आकसत जाणारी नजर, म्हणजे आनुवंशिक पडदाविकार ज्यांच्या घरात आहे, त्यांनाही "जीनचा इलाज" विकणारे भेटतात. या आजारांतल्या फक्त एका जनुकाच्या दोषासाठी, आरपीई६५ साठी, २०१७ मध्ये अमेरिकेत एक उपचार मान्य झाला. तो जीन बंद करत नाही, चांगली प्रत आत घालतो, आणि दोन डोळ्यांची किंमत साडेआठ लाख डॉलर ठेवली गेली. जनुकाच्या दोन प्रतींपैकी एकाच बिघडलेल्या प्रतीने होणाऱ्या आजारांत ती प्रत बंद करण्याचा विचार खरंच मोलाचा आहे, पण तोही संशोधनातच आहे. तुमच्या घरात कोणतं जनुक बिघडलंय हे आधी कळायला हवं. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेसारख्या ठिकाणी त्याची तपासणी आणि सल्ला मिळतो. आपल्याकडे मामाच्या मुलीशी सोयरीक होते. घरात असा आजार असेल तर सोयरीक ठरवण्याआधीच हा सल्ला घ्या.

ताई, केंद्राच्या माणसाने काही कागद दिलाच, तर पैसे देण्याआधी त्याचा फोटो काढून या सदराच्या पत्त्यावर पाठवा. सोबत बाबांच्या दोन्ही स्कॅनचेही पाठवा. मी वाचून तुम्हाला आणि भावाला, दोघांनाही कळवीन.